तिसरा चहा

सातारा, ३ जून २०२४

जीनत,

नमस्कार आणि खुशाली तू समजून घे. कामाचं लिहिते.

तुझ्या भाचीच्या लग्नातला फोटो मिळाला. नवरानवरी ठीक. मी पाहिलं ते मागे उभ्या असलेल्या दिलावरभाईंकडे. छत्तीस वर्षं भूमिती शिकवली, सवय जात नाही. फोटोवर कोनमापक ठेवला. मान उभ्या रेषेपासून बेचाळीस अंश पुढे. माणूस उभा आहे की खाली पडलेलं काही शोधतो आहे, कळत नाही.

मिरजेत जमिनीवर बसून चाळीस वर्षं सतारी घडवल्यावर पाठ अशी होणारच, असं तू म्हणशील. पण मार्चमध्ये तूच लिहिलं होतंस की डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दोन वर्षांत बैठक सोडावी लागेल. बैठक सोडल्यावर दिलावरभाई काय करतील, ते तू लिहिलं नव्हतंस. ते मला न लिहिताही कळतं. म्हणून सोबतचं पार्सल.

माझी भाची सोनिया इथे फिजिओथेरपिस्ट आहे. तिनं आणि तिच्या मित्रांनी साठीपुढच्या लोकांसाठी मोबाईलवर चालणारी एक सोय केली आहे. पार्सलमध्ये काडेपेटीहून लहान डबी आहे. ती मानेखाली पाठीवर चिकटवायची. माणूस थोडा वेळ वाकून राहिला की डबी गुरगुरते आणि तो सरळ होतो. दिवसभर पाठ कशी होती याचा आलेख मोबाईलवर उमटतो, तो सोनियाकडे येतो आणि सोनिया मला छापून देते. मोबाईलवर जेवण, चहा, चालणं, औषध अशी चित्रं आहेत. त्या त्या वेळी ते चित्र तू दाबायचंस. टाळाटाळ चालणार नाही.

मी स्वतःही एक लावली आहे. माझी अजून वाजलेली नाही.

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू हो हो म्हणतेस आणि काही करत नाहीस. कागदावरचं हो मी जपून ठेवते.

क्रांती


मिरज, १४ जून २०२४

प्रिय क्रांती,

सलाम. हे घे तुझं कागदावरचं हो.

डबी लावली. पहिल्या दिवशी ती गुरगुरली तेव्हा यांनी कानस टाकून दिली आणि सदऱ्यात हात घालून मुंगळा शोधू लागले. आता सवय झाली. डबीचं नाव त्यांनी मास्तरीण ठेवलंय. "उठल्यापास्नं मास्तरीण पाठीवर बसलीय, उतरायचं नाव न्हाई," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. नमाजच्या वेळी काढून ठेवतात. म्हणतात, तिथं वाकायला कुणाची परवानगी नको.

सकाळी भोपळा, दांडी, खुंट्या अशी कामं असली की मास्तरीण गप्प असते. अकराच्या पुढे जवारीला बसले की सारखी ओरडते. जवारी म्हणजे काय, तू विसरली असशील. सतारीच्या तारा ज्या घोडीवर टेकतात, तिचा माथा कानशीनं केसाएवढा घासायचा, तार छेडायची, कान लावायचा, परत घासायचा. जवारी बसली की सूर मोकळा होतो, झणकारत राहतो. न बसली तर बंद, कोंडल्यासारखा. तू एकदा दोन तास बसून हे बघितलं होतंस आणि शेवटी, "पण फरक काय झाला?" असं विचारलं होतंस. हे अजून हसतात.

तर त्या वेळी मान पार भोपळ्यावर जाते. मी चहा नेला की सरळ होतात, मग त्या दिवसापुरतं ते काम संपतं. चित्रं न चुकता दाबते.

तुझी पाठ सरळ आहे हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. हॉस्टेलमध्ये तू झोपायचीसही पट्टीसारखी.

तुझी
जीनत


सातारा, २० जून २०२४

जीनत,

आलेख पाहिले. रोग अगदी उघड आहे. दिलावरभाई जमिनीवर बसतात आणि सतार त्यांच्यापेक्षा खाली असते. वस्तू खाली असेल तर माणूस वाकणार. यात पाठीचा दोष नाही, उंचीचा आहे.

तुमच्या गल्लीतल्या नाथाजी सुतारांना मी फोन केला. टेबलाचं माप दिलं आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या कोपराच्या दोन इंच वर, पुढची कड गोल, वर घोंगडीची पट्टी म्हणजे भोपळा घसरणार नाही. ते म्हणाले, "बाई, आमच्याकडं सतारीला टेबल कुणी केलं न्हाई." मी म्हटलं, "मग तुम्ही करा." ही माझी भेट आहे. दिलावरभाईंनी नको म्हटलं तर त्यांना सांग, मास्तरीण पाठीवरून उतरून समोर येऊन उभी राहील.

क्रांती


मिरज, ९ जुलै २०२४

प्रिय क्रांती,

टेबल आलं. सुंदर आहे, आणि मोठं आहे. मधल्या खोलीच्या दारातून आत जाईना. नाथाजींनी आडवं केलं, उभं केलं, शेवटी म्हणाले, "दार काढू का टेबल कापू?" हे म्हणाले, दोन्ही नको. म्हणून ते बाहेरच्या खोलीत, रस्त्याच्या खिडकीशी ठेवलंय. आजवर यांची बैठक मधल्या खोलीत, माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून होती. आता दोन खोल्या ओलांडून चहा न्यावा लागतो, आणि रस्त्यावर रिक्षांचा गलका असतो.

पण क्रांती, मास्तरीण गप्प झाली. दिवसच्या दिवस हूं नाही की चूं नाही. परवा जमिनीवरून उठताना मी नेहमीप्रमाणे हात पुढे केला, तर हे एकटेच उठले आणि माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "काय पायजे?"

खंडाळ्याच्या ऋषिराज सरांची सतार तयार होती. सर वीस वर्षं यांच्याकडूनच सतार नेतात, शिष्यांनाही इथंच पाठवतात. ती नव्या टेबलावर पुरी झाली आणि काल गेली.

तुझे आभार कसे मानू? सोनियालाही दुवा सांग.

तुझी
जीनत


सातारा, १५ जुलै २०२४

जीनत,

आभार नकोत. बेचाळीसवरून अठरा अंश. मी हा आलेख आमच्या सकाळच्या व्यायामाच्या मंडळात भिंतीवर लावला. नाव लिहिलं नाही, फक्त "मिरज, वय ७२". एक निवृत्त तहसीलदार म्हणाले, मलाही टेबल हवं. त्यांना सांगितलं, तुम्ही कोणतं काम करता की टेबल हवं?

माझा आलेख सरळच आहे.

क्रांती


मिरज, ८ ऑगस्ट २०२४

क्रांती,

ऋषिराज सर स्वतः आले होते. सतार घेऊन. बराच वेळ पावसापाण्याचं बोलत बसले, चहा घेतला, मग म्हणाले, "चाचा, रागवू नका. लय दिवस लावून बघितली. ही तुमच्या हातची वाटत न्हाई."

हे म्हणाले, "हातचीच हाय. हात म्हातारा झाला आसंल."

सर म्हणाले, काही घाई नाही, सवडीनं बघा. पैशाचा विषयही काढला नाही. ते भांडले असते तर बरं झालं असतं.

सर गेल्यावर यांनी कानशी एकेक पुसल्या आणि पत्र्याच्या पेटीत भरल्या. त्यातल्या दोन त्यांच्या आजोबांच्या. पुतण्या आसिफला फोन केला. त्याचं पुण्याला वाद्यांचं दुकान आहे. म्हणाले, "सामान घेऊन जा. इथं आता त्याचं काम न्हाई." आसिफ गणपती झाल्यावर येतो म्हणाला. तेव्हापासून हे बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून असतात. अगदी ताठ. तुला बघून आनंद होईल असे ताठ.

टेबलाच्या आधी यांची पाठ वाकडी होती, पण माणूस चालता होता. तू माप घेतलंस, सुतार गाठलास, टेबल पाठवलंस, भिंतीवर कागद लावलास. एकदाही विचारलं नाहीस की जमिनीवर का बसता. मीही बोलले नाही, कारण तुझ्यापुढे बोलायची मला सवय नाही. ती माझी चूक.

डबी खिडकीत ठेवली आहे. तिथं ती सरळ उभी आहे. आलेख झकास येत असेल.

जीनत


सातारा, १९ ऑगस्ट २०२४

जीनत,

दोनदा उत्तर लिहिलं आणि दोनदा फाडलं. पहिल्यात मी बरोबर होते, दुसऱ्यात तू चूक होतीस. हे तिसरं.

आधी माझं. माझी डबी ड्रॉवरमध्ये आहे. पाच जूनपासून. पहिल्या दोन दिवसांचा आलेख पाहिला तेव्हा दिवसभर मी ठीक होते. संध्याकाळी साडेसात ते आठ रेष अशी खाली गेली होती की मला वाटलं डबी पडली. पडली नव्हती. मी जेवत होते. हे गेल्यापासून स्वयंपाकघरात ओट्याशी स्टूल घेऊन जेवते, आणि ताटावर किती वाकते ते मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण सांगायला कुणी नसतं. ते बघवेना. डबी ड्रॉवरमध्ये ठेवली. गेल्या आठवड्यात सोनिया म्हणाली, "आत्या, अडीच महिन्यांत तुझी पाठ अर्धा अंशही हलली नाही. झोपतेस तेव्हासुद्धा उभीच असतेस का?" तुझं डबी खिडकीत उभी असल्याचं वाक्य त्याच दिवशी पुन्हा वाचलं.

दुसरं. मी औंधला नवीन होते तेव्हा वर्गात रंगू नावाची मुलगी होती. मेंढरं राखणाऱ्या घरातली, शाळेत येणारी पहिली. वहीवर नाक टेकवून लिहायची. वर्षभर मी तिच्या पाठीवर पट्टी मारली. "ताठ बस." वर्षाच्या शेवटी डोळ्यांची तपासणी झाली. तिला फळा दिसतच नव्हता. तिला पाठीचा आळस नव्हता, ती अक्षरांजवळ जात होती. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

परवा सगळे आलेख पुन्हा काढले. आधी मी फक्त रेष बघत होते. आता चित्रं पाहिली, तू दाबलेली. तू घड्याळाची बाई आहेस. पहिला चहा सात, दुसरा चार. पन्नास वर्षांत बदल नाही. पण टेबल यायच्या आधी रोज एक तिसरा चहा आहे. कधी अकरा वीसला, कधी बारा पन्नासला, एकदा एक वाजून दहा मिनिटांनी. आणि दर वेळी त्या कपानंतर रेष सरळ होते ती दिवसभर पुन्हा खाली जात नाही. दिलावरभाई काम संपलं म्हणून चहा घेत नव्हते. चहा आला म्हणून काम संपवत होते.

टेबल बाहेरच्या खोलीत गेल्यावर हा तिसरा चहा रोज ठीक बारा वाजता आहे. दोन खोल्या पलीकडून, रिक्षांच्या गलक्यात तुला ऐकू येईना, म्हणून तू घड्याळ बघून चहा नेलास. त्याच दिवसांत ऋषिराज सरांची सतार पुरी झाली.

दिलावरभाईंना जवारी ऐकू येत नाही. म्हणून ते वाकत होते. जमीन, उंची, काही नाही. ते तारेजवळ जात होते. आणि जवारी बसली की नाही ते भिंतीपलीकडून तू ऐकत होतीस आणि चहा आणून सांगत होतीस.

हे चूक असेल तर तसं लिही. बरोबर असेल तर मी कोपराची उंची मोजली, कानाची नाही. टेबल पाठवून मी तुम्हा दोघांमधली भिंत हलवली. रंगूची माफी मागायला मला ती पुन्हा भेटली नाही. तू भेटतेस.

मी मिरजेला येत नाही. मी आले तर दिलावरभाईंना कळेल की मला कळलं. बोलायचं की नाही ते तू ठरव. कानाचे डॉक्टर असतात, हेही लक्षात ठेव. पण आसिफ यायच्या आत ठरव.

क्रांती


मिरज, २२ सप्टेंबर २०२४

प्रिय क्रांती,

सलाम. बरोबर आहे सगळं. वाचताना वाटलं, वर्गात चिठ्ठी पकडली गेली.

दोन वर्षं झाली. उन्हाळ्याचे दिवस होते. हे मधल्या खोलीत जवारी काढत होते आणि ती बसली. इतकी सुरेख की माझा लाटणं धरलेला हात थांबला. आणि यांनी परत कानस उचलली. घासलं. सूर उतरला. परत घासलं, आणखी उतरला. हाताखाली बसलेलं काम मोडत होते आणि त्यांना कळत नव्हतं. मी काय बोलणार? या घरात तीन पिढ्या माणसं हातानं नाही, कानानं ओळखली जातात. दुसऱ्या दिवशी जवारी बसली त्या क्षणी मी चहा घेऊन गेले आणि म्हटलं, "आता थांबा, गरम आहे तोवर घ्या." थांबले. तिसऱ्या दिवशी तार छेडून त्यांनी दाराकडे बघितलं. ना त्यांनी कधी विचारलं, ना मी सांगितलं. मला वाटायचं, मी त्यांची लाज राखते आहे.

तुझं पत्र आल्यावरही जवळजवळ चार आठवडे मी बोलले नाही. गणपती आणि ईद यंदा एकाच हप्त्यात. विसर्जनाचे ढोल दारावरून गेले तेव्हा हे म्हणाले, "बघ, कान शाबूत हायत माझे." मी हसले नाही. आसिफ शुक्रवारी यायचा होता. बुधवारी सकाळी मी पत्र्याची पेटी उघडली, ऋषिराज सरांची सतार तुझ्या टेबलावर ठेवली, स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं आणि टेबलाच्या पलीकडे बसले. खिडकी उघडी होती, सगळ्या रस्त्याला दिसेल अशी.

"काय करतीस?"

"बसते."

"च्या कुठाय?"

"आज च्या न्हाई. तुमी घासा, मी सांगते."

क्रांती, त्यांनी खुर्ची मागे सारली. मला वाटलं, उठून जातील, आणि उठून गेले तर पुन्हा या खोलीत येणार नाहीत. मग म्हणाले, "कवापास्नं ठावं हाय तुला?"

मी म्हटलं, "मला ठावं हाय हे तुमाला कवापास्नं ठावं हाय?"

"पयल्या च्यापास्नं. त्यात साखर न्हवती."

दोन वर्षं! जवारी बसल्या क्षणी धावताना मी साखर विसरले होते, आणि तो चहा पिऊन हा माणूस गप्प बसला. त्यांनाही वाटत होतं, ते माझी लाज राखतायत.

मग कानस घेतली. तार छेडली की माझ्याकडे बघायचे. "बंद हाय." परत. "अजून." परत. "दुसऱ्या तारंला बघा." मला त्यांचे शब्द येत नाहीत, मी माझ्या शब्दांत सांगत होते. डाळ शिजल्यासारखं, कच्चं राहिल्यासारखं. त्यांना बरोबर कळत होतं. मध्येच रस्त्यावरून धुळा घोंगडीवाला ओरडला, "चाचा, शागीर्द ठेवला काय?" यांना ऐकू गेलं नाही. मी मोठ्यानं सांगितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा, काय म्हणाला ते मोठ्यानं सांगितलं. यांनी खिडकीबाहेर बघून उत्तर दिलं, "शागीर्द न्हवं रं, उस्ताद ठेवलाय. लय मारकुटा हाय!"

साडेबाराला जवारी बसली. मी सांगायच्या आत त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि कानस खाली ठेवली.

आसिफ आला, जेवला, रिकाम्या हातानं गेला. ऋषिराज सर पुढच्या रविवारी येतील. ते काय म्हणतील हे मला ठाऊक आहे, मी ऐकलंय. येत्या बुधवारी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं कबूल केलंय. कानाला यंत्र लावायचं म्हटलं तरी लावतो म्हणाले, पण जवारीच्या वेळी काढून ठेवणार. का, ते सांगत नाहीत.

टेबल राहणार आहे. हे सरळ बसतात, कारण आता त्यांना वाकायचं कारण उरलं नाही. काल मात्र खिडकीतली डबी उचलून माझ्यापुढे धरली. "ही मास्तरीण तुझ्या पाठीला लाव. दोन तास भोपळ्यात डोकं घालून बसतीस." मी म्हटलं, काहीतरीच. लावली आणि ऐकायला बसले, तर पाच मिनिटांत गुरगुरली. हे इतके हसले की तार लावता येईना. सोनियाला सांग, मिरजेचा आलेख बिघडला तर घाबरू नकोस. पाठ बदलली आहे.

आता तुझं. माफी मिळाली, पण फुकट नाही. डबी ड्रॉवरमधून काढ. ओट्याशी स्टूलवर नको, टेबलाशी बस. आणि साडेसातला मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून उभा कर, तुझ्या डोळ्यांच्या उंचीवर, मापाची तुला सवय आहे. मी इकडे ताट वाढून घेऊन तुला व्हिडिओ कॉल लावीन. बोललंच पाहिजे असं नाही. आपण जेवू.

वाकलीस तर मी सांगेन.

तुझी
जीनत